बंद डिशमधली दीर्घिका

साहेब, तुम्ही मोजणं बंद केलंत आणि लोकांना सांगितलंत की मोजणं सुधारलं. हा तुमचा पहिला गुन्हा. दुसरा त्याहून हलकट आहे. मोजलेला आकडा आणि अंदाजानं बसवलेला आकडा तुम्ही एकाच शाईत छापलात. सुरुवातीला बसवलेल्या आकड्याभोवती तांबडी चौकट यायची. बघणाऱ्याला कळायचं, इथं कुणी पाहिलेलं नाही, इथं यंत्रानं अक्कल चालवलीय. ती चौकट काढायचा आदेश तुमच्या सहीनं निघाला. कारण काय दिलंत? 'अहवालांत एकसारखेपणा यावा.' तीन शब्द. त्या तीन शब्दांखाली किती घरं येतात ते तुम्ही बघितलं नाहीत. तुमचं नाव इथं घेतलेलं नाही, कारण नाव घेतलं तर एका माणसाची बदली होईल आणि खुर्ची तशीच राहील. हे खुर्चीला उद्देशून आहे.

आता गोष्ट. ती वैजयंता खरातची आहे, आणि फिकीची.

वैजयंता गारमाळच्या पठारावरच्या रेडिओ वेधशाळेत ऑपरेटर होती. आयटीआय करून आली तेव्हा केबलचे खड्डे खणून घ्यायच्या कामावर होती. बावीस वर्षांनी ती कंट्रोल रूममध्ये बसून बारा डिश आकाशात कुठंही वळवायची. एकेक डिश म्हणजे दोन मजली घर पालथं मावेल एवढी लोखंडी जाळीची परात.

फिकी ही एक दीर्घिका. आपल्या आकाशगंगेसारखाच अब्जावधी ताऱ्यांचा पसारा, पण सोळा कोटी प्रकाशवर्षं लांब. मधोमध ताऱ्यांचा आखूड दांडा, आणि दांड्याच्या दोन टोकांपासून निघून गोल वळलेले दोन बाहू. पुस्तकात तिला दंडयुक्त सर्पिल दीर्घिका म्हणतात. यादीत तिला चौदा अक्षरांचा क्रमांक आहे, तो कुणाच्या जिभेवर बसत नाही. ती इतकी मंद आहे की अमावास्येच्या काळ्या आकाशाला स्वतःचा जो काय किंचित उजेड असतो, त्याच्याहूनही तिचा उजेड कमी. साध्या दुर्बिणीतून बघणाऱ्याला तिथं काहीच दिसत नाही. म्हणून कंट्रोल रूममध्ये तिचं नाव पडलं फिकी.

तारे कमी, पण फिकीकडे हायड्रोजन भरपूर. हायड्रोजन वायू एकवीस सेंटिमीटर लांबीची रेडिओ लहर सोडतो, आणि ती लहर भरदिवसाही पकडता येते. दीर्घिका स्वतःभोवती फिरते. तिची एक कड आपल्याकडे येत असते, दुसरी लांब जात असते, म्हणून तिची लहर कागदावर काढली की आलेखाला दोन टोकं येतात, बैलाच्या शिंगांसारखी. बहुतेक दीर्घिकांची शिंगं सारखी. फिकीचं डावं शिंग आखूड होतं, कारण त्या बाजूला वायू कमी. वैजयंताला फिकी गर्दीतही ओळखता आली असती, जसं आपल्या लंगड्या गायीला माणूस ओळखतो.

तिला हे सगळं शिकवलं डॉ. नीरजा वर्तक यांनी. वर्तक मॅडमनी फिकीवर पंधरा वर्षं घातली होती. त्यांनी वैजयंताला आलेख वाचायला शिकवलं, इंग्रजी वाचायला शिकवलं, आणि 'मला समजलं नाही' हे वाक्य न लाजता बोलायला शिकवलं.

मग आकाश भरलं. डोक्यावरून दर मिनिटाला शेकडो उपग्रह जायला लागले, आणि प्रत्येकाची रेडिओ कुरकुर फिकीच्या आवाजाच्या लाखोपट मोठी. त्यावर उपाय म्हणून 'निर्मळ' आलं. निर्मळ ही एक संगणक प्रणाली. तिला हजारो दीर्घिकांची जुनी निरीक्षणं खाऊ घातली होती. उपग्रहाच्या गोंगाटानं निरीक्षणाला भोक पडलं की त्या भोकात काय असायला हवं होतं ते निर्मळ ओळखायचं आणि भरायचं. फाटक्या साडीला रफू करावं तसं. रफू कुठं केलंय ते आधी तांबड्या चौकटीनं दिसायचं. पुढं चौकट गेली, आणि रफू कुठं आहे हे विचारणारंही कुणी उरलं नाही.

निर्मळ लागल्यावर वर्षाभरात फिकीच्या डाव्या बाजूला जास्तीचा वायू दिसायला लागला. आखूड शिंग वर आलं. वर्तक मॅडमनी त्याचा अर्थ लावला की फिकीला एक छोटी सोबतीण दीर्घिका आहे, आजवर कुणाला न दिसलेली. शोधनिबंध तयार झाला. लेखकांच्या यादीत तिसरं नाव होतं व्ही. खरात. वैजयंतानं ते पान छापून घरी नेलं होतं आणि दोन दिवस कुणाला न सांगता नुसतं बघत होती.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती कामावर आली आणि सुट्टीतले अहवाल चाळायला बसली. नवमीच्या तारखेचा अहवाल उघडला. लक्ष्य: फिकी. वेळ: सकाळी दहा ते दुपारी चार. दर्जा: उत्कृष्ट.

तिनं तारीख पुन्हा वाचली.

गारमाळवर एक रीत होती. खंडेनवमीला सगळी यंत्रं बंद. बाराही डिश आकाशाकडे तोंड करून उभ्या करायच्या, वीज तोडायची, दारातल्या पेट्यांना हळदकुंकू, प्रत्येक डिशच्या पायाला झेंडूची माळ, आणि त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही. ही रीत पहिल्या वायरमननं पाडली, आणि परदेशातून शिकून आलेले शास्त्रज्ञसुद्धा मुकाट्यानं प्रसाद खाऊन घरी जायचे. कंट्रोल रूममधला संगणक तेवढा चालू राहायचा, कारण त्याच्यावर पंखे आणि कुलपं चालायची. यंदा वेळापत्रक आपोआप चालणारं झालं होतं. त्याला नवमी कुणी शिकवलेली नव्हती.

म्हणजे सहा तास डिशकडून काहीही आलं नव्हतं. नुसती तारेतली खरखर. आणि त्या खरखरीतून निर्मळनं फिकी काढून दिली होती. दांडा, दोन्ही बाहू, सोबतीण, आणि दोन्ही शिंगं एकसारखी. बावीस वर्षांत फिकी इतकी सुंदर कधी आली नव्हती.

वैजयंता कागद घेऊन वर्तक मॅडमच्या खोलीत गेली.

"मॅडम, ही बघा."

मॅडमनी चष्मा लावला. "वा. कधीचं?"

"नवमीचं."

"परवाचं?"

"हो. डिश बंद होत्या तेव्हाचं."

मॅडम हसल्या. "एखादी चालू राहिली असेल गं."

"फ्यूज मी काढले. बाराचे बारा. माझ्या पर्समध्ये होते दिवसभर. पेढ्याच्या पुडीला चिकटले, ते वेगळं."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. खिडकीबाहेरच्या डिशकडे बघितलं. माळा अजून उतरवल्या नव्हत्या.

"म्हणजे सोबतीण नाही," त्या म्हणाल्या.

"त्याला बाकीच्या दीर्घिकांची शिंगं सारखी दिसली असणार. त्यानं हिचंही सारखं केलं. कमी पडलेला वायू स्वतःच ओतला."

"मला कळतंय, वैजयंता. मला समजावू नकोस."

"मग निबंध?"

"महिन्याभरात छापून येतोय. मला पंधरा दिवस दे. मी नीट तपासते, मग आपण गुपचूप मागे घेऊ. गाजावाजा नको. निर्मळ आता आपलं एकट्याचं राहिलेलं नाही. शासनानं ते सगळीकडे बसवलंय. पूल, घाटातल्या दरडी, धरणं. आपण उठून म्हणालो की हे यंत्र डोळे मिटून चित्र काढतं, तर..."

मॅडम थांबल्या. वैजयंताचा चेहरा बघून थांबल्या.

"धरणं?" वैजयंतानं विचारलं.

"झालं की दीड वर्ष."

"माझा भाऊ सोनखडीच्या धरणावर आहे."

"एवढ्यात काही—"

"आणि नवमीला पूजा ते पण करतात, मॅडम."

सोनखडीचं धरण गारमाळपासून चाळीस किलोमीटर. मातीचं धरण, पन्नास वर्षांचं. पायथ्याला अर्ध्या तासाच्या चालीवर खालची सोनखडी, अडीचशे उंबरे. त्यातला एक तिच्या भावाचा, धरणाचा चौकीदार हणमंत खरातचा. पावसाळा नुकता सरला होता आणि पाणी सांडव्याच्या काठाला टेकलं होतं. वैजयंता स्कूटर घेऊन दुपारी पोचली तेव्हा हणमंत चौकीच्या सावलीत शेंगा फोडत बसला होता.

"आज कशी वाट चुकली बाईसाहेब?" तो म्हणाला. "आकाशात रजा हाय व्हय?"

"दादा, नवमीला तुमचं मोजणीचं पॅनेल बंद होतं का?"

"हे विचारायला आलीस? होतं की. मेन स्विच खाली, पॅनेलला हार, नारळ. संध्याकाळी चालू केलं."

"त्या दिवशीचा पाझर किती आला?"

मातीच्या धरणातून थोडं पाणी झिरपतंच. ते पायथ्याशी एका हौदात गोळा होतं आणि रोज मोजलं जातं. ठरल्या मापात, स्वच्छ झिरपलं तर धरण ठीक. वाढलं, गढूळ झालं, तर पाणी आतून माती ओढून आणतंय, पोटात बीळ पडतंय. हे हणमंतला कुठल्या इंजिनिअरपेक्षा कमी कळत नव्हतं.

त्यानं मोबाइल काढला. "चार पूर्णांक दोन लिटर. सेकंदाला. रोज तेवढाच हाय."

"दुपारी बारालाही?"

"दर तासाला येतो आकडा. बाराला चार पूर्णांक—"

त्याच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"पॅनेल बंद होतं, दादा."

"आधीचाच पुढं ढकलला असंल त्यानं."

"ढकलला नाही. बनवला. आमच्याकडे त्यानं अख्खी दीर्घिका बनवली. तू खाली हौदावर शेवटचा कधी उतरलास?"

हणमंतनं टरफलं पायानं गोळा केली. एकेक करून केली, जणू ते मोठं काम होतं.

"दादा."

"माघात."

"आठ महिने?"

"साहेबच म्हणाले, उतरायची गरज न्हाई, हे मोजतंय. तिकडं घाणेरी माजलीय, साप हायेत. मागचा मोजणीदार रिटायर झाला, त्याच्या जागी माणूस दिला न्हाई. मी एकटा. फोनवर आकडा येतो, मी बोटानं सही करतो. सही केल्याबिगर पगारपत्रक पुढं सरकत न्हाई."

"म्हणजे आठ महिने न बघता सही."

"तुझ्या निबंधावर तू बघून नाव घातलंस व्हय गं?"

हे तिला लागलं. लागायलाच पाहिजे होतं. कोपऱ्यातला कोयता उचलून ती पायऱ्यांकडे चालायला लागली, आणि हणमंत शिव्या पुटपुटत मागून आला.

घाणेरी तोडत खाली जायला वीस मिनिटं लागली. हौदाच्या कडेला पाण्याची उंची मोजणाऱ्या यंत्राची पेटी होती. हणमंतनं झाकण उघडलं. आत मुंग्यांनी वारूळ केलं होतं आणि वायर उंदरानं तोडलेली होती. तोडलेल्या तांब्यावर हिरवा गंज चढला होता. एका पावसाळ्याचा तरी असेल.

हौदाच्या तोंडाशी लोखंडी पत्रा, पत्र्यात त्रिकोणी खाच, खाचेतून पाणी खाली पडत होतं. बाजूला जुन्या मोजणीदारानं सेकंदाला किती लिटर त्याचे आकडे ऑइल पेंटनं रंगवलेले. पाणी चारच्या रेघेवर असायला हवं होतं. ती रेघ पाण्याखाली होती. आठची पण. दहाची पण.

"तेरा," हणमंत म्हणाला. मग वाकून पुन्हा बघितलं. "तेराच्या वर."

वैजयंतानं पाण्याच्या बाटलीतलं पाणी ओतून दिलं, खाचेखाली धरून बाटली भरली आणि उन्हात धरली. पाणी चहासारखं होतं. दोघं बघत उभे राहिले. बाटलीच्या तळाशी हळूहळू मातीचा थर बसला, बोटाच्या पेराएवढा.

"ही भरावाच्या गाभ्याची माती," हणमंत म्हणाला. "काळी, चिकट. वरची न्हाई. वैजे, हे आतून येतंय."

तिनं जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला फोन लावला. पलीकडे एक उपअभियंता होता. आवाजावरून सभ्य वाटला, आणि तो होताही सभ्य.

"सोनखडीचं माझ्या समोर उघडलंय, ताई. पाझर चार पूर्णांक दोन. सगळं हिरवं आहे."

"मी हौदावर उभी आहे. तेराच्या वर आहे आणि गढूळ आहे. यंत्राची वायर तुटलेली आहे."

"वायर तुटली असती तर आकडा आला नसता ना."

"तेच सांगतेय. येऊ नये तो आकडा येतोय."

"आपण कोण? खात्यातल्या आहात?"

"मी वेधशाळेत ऑपरेटर आहे."

"ताई, गाव हलवायचं तर प्रणालीनं इशारा द्यावा लागतो. हाताची नोंद घ्यायला फॉर्ममध्ये आता रकानाच नाही. तांत्रिक प्रमाणपत्र वगैरे असेल तर मी वरती बोलतो."

वैजयंतानं वर्तक मॅडमना फोन लावला. आपण काय मागतोय ते तिला पुरतं ठाऊक होतं. पंधरा वर्षं मागत होती ती, आणि पंधरा दिवससुद्धा द्यायला तयार नव्हती.

"मॅडम, एक पत्र हवंय. आत्ता. नवमीला डिश बंद असताना निर्मळनं फिकी दाखवली, सोबतीण खोटी आहे, असं. तुमच्या सहीनं."

"तिथं काय आहे?"

"गढूळ आहे."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. सात मिनिटांनी पत्र आलं, तिच्याकडे आणि कक्षाकडे एकदमच. चार ओळींचं होतं. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, 'आमचा शोधनिबंध चुकीचा असून मी तो आजपासून मागे घेत आहे.' खाली मॅडमची सही. शेजारी एक जागा मोकळी सोडलेली, तिथं छापलेलं होतं: व्ही. खरात. वैजयंतानं मोबाइलवर बोटानं सही केली. या वेळी बघून केली.

तोवर हणमंत पायऱ्या चढायला लागला होता.

"कुठं चाललास?"

"गावात. वरच्या आळीच्या शाळेवर चढवतो सगळ्यांना. त्यांच्या इशाऱ्याची वाट बघत बसलो तर झालं मग."

"लोक विचारतील, आठ महिने काय करत होतास."

"विचारतील की. सांगीन." तो दोन पायऱ्या चढला आणि थांबला. "मारतील गं मला. मारू देत. पण आधी चढू देत वरती. तू पण वर चौकीवर जा, इथं उभी राहू नको."

"कुणीतरी मोजायला पाहिजे."

"तुझ्या आयला, तू माझ्यापेक्षा खुळी हायस," तो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले होते. मग तो घाणेरीतून दिसेनासा झाला. थोड्या वेळानं वर मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला आणि उताराला लागला.

वैजयंता हौदाच्या कठड्यावर बसली. पाणी चौदाच्या रेघेला लागलं होतं. फोन वाजला. तोच उपअभियंता.

"ताई, तुमचं पत्र मी साहेबांना दाखवलं. ते इथंच आहेत. ते म्हणतात, दीर्घिकेचा आणि धरणाचा काय संबंध?"

"यंत्र एकच आहे."

"ते म्हणतात, आकाशातली गोष्ट वेगळी. तिथं चूक झाली तरी कुणाचं काही जात नाही."

"त्यांना फोन द्या."

"ते बोलत नाहीत थेट. स्पीकरवर आहे, ऐकतायत."

पत्र्याच्या खाचेतून पाणी आता एका बाजूनं उसळून पडत होतं, आणि त्याच्याबरोबर बारीक खडे येत होते. खडे लोखंडावर वाजत होते. खालून, गावाच्या दिशेनं, देवळाची घंटा एकसारखी वाजायला लागली. हणमंत पोचला होता.

"चौदाच्या वर," वैजयंता फोनमध्ये म्हणाली. "दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. वाचणारी वैजयंता नामदेव खरात. लिहून घ्या."

"ताई, रकाना नाही हो—"

"मग हातावर लिहा." ती उठून उभी राहिली, कारण कठडा पायाखाली किंचित थरथरल्यासारखा वाटला होता. "आता साहेबांना विचारते. साहेब, ऐकताय ना? मी माझं नाव सांगितलं. मी इथं उभी आहे, माझे पाय ओले आहेत, आणि मी डोळ्यांनी चौदा वाचलेत. तुमच्या भिंतीवरच्या पडद्यावर या घटकेला चार पूर्णांक दोन दिसतोय. तो कुणी वाचला? कुठं उभं राहून वाचला?"

स्पीकरवर कुणीतरी घसा खाकरला. खुर्ची हलली.

"माणसाचं नाव सांगा, साहेब. मी फोन ठेवत नाही."